टाळीबाईचा अर्धा तास

माझ्या मेहुणीला तिच्या वर्गातले लोक टाळीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तिला ते आवडतं. दर रविवारी सकाळी ती वाचनालयाच्या वरच्या सभागृहात नाटकाचा वर्ग घेते. मुलांचा नाही, मोठ्या माणसांचा. कोणी दुकान उघडायच्या आधी येतं, कोणी रात्रपाळी करून तसंच येतं. वर्ग दोन तासांचा. त्यातला पहिला अर्धा तास नाटक नसतं, खेळ असतात. या अर्ध्या तासापायी तिचा वर्ग जायची वेळ आली होती. तेव्हा मी तिथेच होतो, म्हणून लिहितो.

आधी तिच्याबद्दल.

ती बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. थंडीच्या दिवसांत सकाळच्या पाळीला बायकांची बोटं आखडलेली असायची. बिस्किटं वाहून आणणारा पट्टा मात्र आपल्या वेगानेच चालायचा. आखडलेल्या बोटांनी बिस्किट उचललं की ते मोडतं. पहिल्या तासात मोडक्या मालाच्या टोपल्या भरायच्या आणि बोलणी बायकांना बसायची. तेव्हा मेहुणीने एक केलं. पट्टा सुरू व्हायच्या आधी बायकांना समोरासमोर उभं करून टाळ्यांचा खेळ सुरू केला, शाळेत मुली खेळतात तसा. हात गरम झाले. झोप गेली. शेजारणीचा हात कुठे आहे हे न बघता कळायला लागलं. पाळीप्रमुख ओरडला, "इथे काय शाळा भरली आहे का?" खेळ बंद झाला. टोपल्या पुन्हा भरायला लागल्या. मग तोच येऊन म्हणाला, "काय वाजवायचं ते वाजवा बायांनो, पण माझी बिस्किटं मोडू नका."

टाळीबाई हे नाव तिला तिथे पडलं. खेळाचा एक नियमही तिथेच ठरला. एखादीची टाळी चुकली की ती चूक शेजारणीवर ढकलायची, नाहीतर हिरमुसून बसायची. दोन्हीत वेळ जायचा. म्हणून मेहुणीने ठरवून दिलं, की जिची चूक तिने दोन्ही हात वर करून मोठ्याने "चुकले!" म्हणायचं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. मग सगळ्यांनी एकेक जागा डावीकडे सरकायचं आणि पुढे चालू. कारण सांगायचं नाही.

"पट्टा कुणाची कारणं ऐकून घेत नाही, भावोजी," ती मला सांगायची.

कारखान्याचं स्वतःचं नाटकमंडळ होतं. त्यात ती आधी काम करायची, मग बसवायला लागली. पॅकिंगला यंत्र आलं आणि बायका घरी गेल्या. मेहुणी घरी बसली नाही. वाचनालयाच्या समितीकडे गेली, रविवारची सकाळ मागून घेतली, आणि वर्ग सुरू केला.

मी आयुष्यभर फरश्या बसवल्या. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा काम थांबवलं. घरात बसून मी काय करणार? डबे लावून ठेवले, ते पुन्हा लावले. नळाला गळती नव्हती तरी नळ खोलून बघितला. एक दिवस मेहुणी आली आणि बहिणीकडे बघून म्हणाली, "हे दिवसभर तुझ्या डोक्यावर मिऱ्या वाटत असतील ना?"

"ने बाई यांना. कुठे नेतेस तिथे ने," आमची बायको म्हणाली.

"चला भावोजी. खुर्च्या उचलायच्या आहेत, पडदा ओढायचा आहे. नाटक करायला नाही सांगत."

गेलो. पहिल्या रविवारी खुर्च्या भिंतीला लावल्या आणि एका खुर्चीवर बसून बघत राहिलो. लोक चपला काढून गोलात उभे राहिले. एकाने शेजाऱ्याकडे बघून टाळी दिली. त्याने ती पुढे दिली. टाळी गोलात फिरायला लागली. मग वेग वाढला. मग हातात नसलेला चेंडू एकमेकांकडे फेकायला लागले. मग जोड्या करून आरसा झाले, एकाने हात हलवला की दुसऱ्याने तसाच हलवायचा. शेवटी उसना आवाज. यात शेजाऱ्याचं वाक्य त्याच्या जागी जाऊन, पण आपल्याच आवाजात बोलायचं, त्याची नक्कल करायची नाही. एक मोठा केसाळ माणूस नर्सबाईचं वाक्य बोलत होता, आणि नर्सबाई त्याचं.

मला हसू आलं. वर्ग संपल्यावर मी तिला म्हटलं, "ही माणसं नाटक शिकायला येतात की शाळा सुटल्यावर खेळायला?"

"तुम्ही फरशी बसवण्याआधी काय करायचात?"

"मोजमाप. मग कोरडी मांडायची."

"म्हणजे?"

"सिमेंटशिवाय नुसती मांडून बघायची. कुठे तुकडा येतो, कुठली फरशी वाकडी आहे, ते आधी कळतं."

"मग मी दुसरं काय करते?"

"फरशी जिथे ठेवली तिथे राहते. माणूस राहतो का?"

"म्हणून तर मला दर रविवारी मांडावी लागतात," ती म्हणाली आणि झाडू माझ्या हातात दिला.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी मान्य केली. ती ढिलाई चालवून घेत नव्हती. कोणी अर्धवट टाळी दिली की म्हणायची, "ही परत घ्या. नीट द्या." चेंडू दिसत नसला तरी त्याचं वजन हाताला यायला हवं. कोणी घाईघाईत झेलला की विचारायची, "फुगा होता का?" लोक घामाघूम व्हायचे. ज्या कामात घाम येतो ते सगळंच काम खरं असतं असं नाही, पण ही माणसं अंग चोरत नव्हती. एवढं मला कळत होतं.

त्या वर्षीच्या नाटकात चौघं होते. बापाचं काम कुलूपवाल्याला दिलं होतं. तोच तो केसाळ माणूस. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं किल्ल्या करून देण्याचं दुकान आहे. हात मोठे, आवाज मोठा, आणि चार माणसं बघत असली की घसा कोरडा. मुलगा झाला होता पोस्टमन. शेजारीण नर्सबाई. मुलीचं काम करत होती सभागृहाच्या बरोबर खाली असलेल्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसणारी पोरगी. तिला सगळे चष्मेवाली म्हणायचे, पण तिला स्वतःला चष्मा नव्हता.

नाटक साधं होतं. म्हातारा बाप दुकानाची किल्ली कुणाला द्यायची ते ठरवतो. मुलाला दुकान नको आहे. मुलीला हवं आहे, पण बापाला ते कधी दिसलेलंच नाही.

तालमी सुरू झाल्या आणि एका रविवारी खेळ चालू असताना चिटणीस आले. वाचनालयाच्या समितीचे चिटणीस. माणूस वाईट नाही. सभागृहातला दिवा गेला की स्वतः शिडीवर चढून बदलतो. पण त्या दिवशी ते नाराज होते.

"खाली चष्म्याच्या दुकानात काचा थरथरतात," ते म्हणाले. "मालकांनी दुसऱ्यांदा तक्रार केली आहे. वर हत्ती पाळलेत का, असं विचारत होते."

"साहेब, त्यातला एक हत्ती त्यांच्याच दुकानातला आहे," चष्मेवाली म्हणाली.

सगळे हसले. चिटणीसही हसले, पण लगेच सावरले.

"थट्टा सोडा. समितीत विषय निघाला आहे. बाई, तुमच्याकडे दोन तास असतात. त्यातला अर्धा तास या उड्या. लोक नाटक शिकायला येतात. तुमच्याआधी बाजूच्या शाळेत एकांनी वर्ग घेतला होता, ते पहिल्याच दिवशी संहिता हातात देतात. आता ते इथे यायला तयार आहेत."

"म्हणजे वर्ग त्यांना देणार?" मेहुणीने सरळ विचारलं.

"अजून ठरलेलं नाही. वार्षिक प्रयोग समिती बघणार. मग ठरेल. तुम्ही खेळ बंद केलेत तर मला तुमच्या बाजूने बोलता येईल. प्रयोगात चुका झाल्या आणि मी म्हणालो की बाईंचा खेळांचा अर्धा तास वाया गेला नाही, तर माझं कोण ऐकणार?"

"खेळ केले म्हणून चुका होणार नाहीत, असं मी कधीच म्हटलेलं नाही."

"मग ते करता कशाला?"

"प्रयोगाला या. मग बोलू."

चिटणीस गेले. मी तिला बाजूला घेतलं.

"नाकाने कांदे सोलू नकोस. महिनाभर खेळ बंद ठेव. वर्ग वाचव."

"खेळ काढले तर वाचेल काय?"

"तू इथे येशील ना. हे सभागृह, ही माणसं."

"भावोजी, कोरडी न मांडता तुम्ही कुणाच्या घरात फरशी बसवली होती का? घरमालक घाई करतोय म्हणून?"

नव्हती बसवली. एकाने घाई केली तेव्हा मी अवजारं उचलून निघून आलो होतो. ते तिला बहिणीने सांगितलं असणार. या दोघींमध्ये काही लपून राहत नाही.

मग मी माझ्या हातात होतं ते केलं. एका हॉटेलच्या जुन्या सामानात जाड गालिचे पडलेले होते, ते मागून आणले, धुतले, वाळवले आणि सभागृहाच्या मधोमध दुहेरी अंथरले. चष्मेवालीने खाली जाऊन मालकाला विचारलं. तो म्हणाला, आता हत्ती नाहीत, म्हशी आहेत. तक्रार थांबली. पण समितीतला विषय थांबला नाही.

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. समितीचे लोक पुढच्या रांगेत. चिटणीस कडेला उभे होते, कारण त्यांनी आपली खुर्ची एका म्हाताऱ्या बाईंना दिली होती. खेळांना आत जागा नव्हती. मेहुणीने चौघांना मागच्या जिन्यात नेलं. जिन्यात गोल होत नाही, म्हणून एकेक पायरीवर उभं करून टाळी खालीवर फिरवली. सगळे खेळ झाले. एकही तिने सोडला नाही.

कुलूपवाल्याचा घसा कोरडा पडला होता. "बाई, माझं मोठं वाक्य," तो म्हणाला.

"येईल."

"नाही आलं तर?"

"तर चुकाल. चालायला लागा."

मी पडद्याच्या दोरीपाशी होतो. मेहुणी माझ्या शेजारी उभी. पहिला प्रवेश चांगला गेला. दुसऱ्यात मधोमध खुर्चीवर बाप बसतो. त्याच्या एका बाजूला मुलगा आणि पलीकडे शेजारीण, दुसऱ्या बाजूला मुलगी. बाप हातातली किल्ली वर धरतो आणि त्याचं मोठं वाक्य येतं. त्या वाक्यानंतर मुलगा सांगतो की मला दुकान नको.

कुलूपवाल्याने किल्ली वर धरली. तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा तोंड उघडलं. सभागृहात कोणीतरी खोकलं. आणि मग या माणसाने, पुढच्या रांगेत समिती बसलेली असताना, दोन्ही हात वर केले आणि जिन्यात ऐकू गेलं असतं एवढ्या मोठ्याने म्हणाला, "चुकलो!"

बाकी तिघांनी टाळ्या वाजवल्या.

सवय. त्यांच्या हातांनी डोक्याला विचारलंच नाही. आणि टाळ्या वाजवून झाल्यावर चौघंही एकेक जागा डावीकडे सरकले. मुलगी खुर्चीवर बसली. बाप मुलाच्या जागी गेला. मुलगा शेजारणीच्या जागी. शेजारीण मागून धावत जाऊन मुलीच्या जागी उभी राहिली. असं कोणत्या नाटकात होतं? प्रेक्षक हसायला लागले. पुढच्या रांगेतल्या एकाने चिटणीसांकडे वळून बघितलं.

मी दोरीला हात घातला. "पाडू?"

"दोरी ओढलीत तर याद राखा," मेहुणी म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

चौघांनाही आपण कुठे आहोत ते आता समजलं होतं. नर्सबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. पोस्टमन खाली बघत होता. चष्मेवालीने खुर्चीच्या हातांवर हात ठेवले. कुलूपवाला ठेवतो तसे, बोटं पसरून. मग तिने कुलूपवाल्यापुढे हात केला. त्याने किल्ली तिच्या हातात दिली. तिने ती वर धरली आणि बापाचं वाक्य बोलायला लागली.

"हे दुकान मी उघडलं तेव्हा यात एकच कुलूप होतं, दाराचं. मी गावातल्या सगळ्यांची दारं उघडून दिली. माझ्या घरात कोण कुठलं दार लावून बसलंय, ते मला कधी कळलं नाही."

आवाज तिचाच होता. नक्कल नव्हती. उसना आवाज या खेळात मेहुणी हेच मागते. हसू थांबलं. आता वाक्य मुलाचं होतं, आणि मुलाच्या जागी कुलूपवाला उभा होता. त्या पोरीच्या बापाच्या वयाचा. त्याने तिच्यापुढे मान खाली घातली आणि म्हणाला, "बाबा, मला हे दुकान नको. तुम्ही विचारलं असतंत तर मी आधीच सांगितलं असतं."

घसा कोरडा नव्हता. त्याच्या स्वतःच्या मोठ्या वाक्यात जे येत नव्हतं, ते या छोट्या वाक्यात आलं. नर्सबाई मुलगी झाल्या आणि पोस्टमन शेजारीण. पोस्टमनने बाईचं बोलणं बाईचा आवाज न काढता केलं, तेव्हा कोणी हसलं नाही. प्रवेश शेवटपर्यंत गेला. दिवे मंद झाले. अंधारात चौघं आपापल्या जागी परत गेले आणि तिसरा प्रवेश जसा बसवला होता तसा झाला.

मग मी पडदा पाडला. टाळ्या झाल्या. बऱ्याच झाल्या.

लोक जात असताना चिटणीस मागे आले. तोंड उजळलं होतं.

"बाई, समितीला आवडलं. तो जागा बदलायचा भाग तर फारच. मुलगी बापाच्या खुर्चीत बसते, बाप मुलीसमोर मान झुकवतो. कमाल केलीत. मुद्दाम बसवलं होतं ना?"

चिटणीसांना फक्त होकार हवा होता. हो म्हटलं की वर्ग तिचाच. मी तिच्या मागे उभा राहून मनात म्हणत होतो, हो म्हण, हो म्हण.

"नाही. चूक होती," मेहुणी म्हणाली.

चिटणीसांनी कुलूपवाल्याकडे बघितलं. कुलूपवाला खाली बसून मेकअप पुसत होता. त्याचा हात थांबला.

"चूक? म्हणजे ते वाक्य विसरले?"

"विसरलो साहेब," कुलूपवाला म्हणाला. "साफ विसरलो."

"अर्धा तास खेळ करूनही?"

"माणूस आहे, विसरणारच," मेहुणी म्हणाली. "दुसऱ्या वर्गातलाही विसरेल. विसरल्यावर पाच मिनिटं काय झालं ते तुम्ही बघितलंत. ते मी बसवलं नव्हतं. तालमीत तसं कधी झालं नव्हतं."

"मग जमलं कसं?"

"रविवारी या. चपला काढून."

चिटणीस म्हणाले की समितीला काय सांगायचं ते आता त्यांना कळत नाही. मेहुणी म्हणाली, जे खरं आहे ते सांगा. ते गेले. मी चिडलो होतो.

"हातचा वर्ग घालवलास. एक हो म्हणायला काय जात होतं?"

"हो म्हटलं असतं तर पुढच्या वर्षी त्यांनी मला तसंच बसवायला सांगितलं असतं. बसवता येतं का ते?"

"नाही."

"मग?"

मी खुर्च्या उचलायला लागलो.

समितीची बैठक झाली. चिटणीसांनी जे खरं होतं ते सांगितलं. एक सदस्य म्हणाले की चूक लपवली नाही हेच वाईट, दुसरे म्हणाले हेच चांगलं, आणि निर्णय चिटणीसांवर सोपवला गेला. तोपर्यंत रविवार उजाडला होता.

चिटणीस आले. दारातच बूट काढले. मोज्याला भोक होतं, त्यांनी तो पाय दुसऱ्या पायामागे लपवला. मेहुणीने ते बघितलं. मग माझ्याकडे वळली.

"भावोजी, तुम्हीही."

"माझे गुडघे."

"टाळी गुडघ्याने देत नाहीत."

"नुसत्या खुर्च्या उचलायच्या ठरल्या होत्या," मी म्हटलं. "आणि दोरी."

"आज दोरीला कोणी हात लावणार नाही. या."

चष्मेवालीने सरकून जागा केली. मी उभा राहिलो. माझ्या एका बाजूला चिटणीस आणि दुसऱ्या बाजूला चष्मेवाली. टाळी निघाली. नर्सबाई, पोस्टमन, कुलूपवाला. चिटणीसांकडे आली तेव्हा ते खाली गालिच्याकडे बघत होते. टाळी हवेतच राहिली.

"अहो, मी जरा या गालिच्याचा विचार करत होतो, तो कुणी..."

"कारण नको," मेहुणी म्हणाली. "हात वर."

चिटणीसांनी इकडेतिकडे बघितलं. मग एक हात वर केला.

"दोन्ही."

दोन्ही वर केले. "चुकलो," ते म्हणाले.

"खालच्या काचांना ऐकू जाऊ दे."

"चुकलो!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. कुलूपवाल्याने सगळ्यांत जोरात. खालून चष्म्याच्या दुकानातून काठीने छत ठोकल्याचा आवाज आला. चिटणीसांनी खाली बघितलं, मग मेहुणीकडे.

"त्या मालकांशी मी बोलतो," ते म्हणाले. "अर्धा तासच आहे. बाकी काही सांगायचं असेल तर ते पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी कोणाला?" मेहुणीने विचारलं.

"तुम्हालाच. दुसऱ्या कोणाला सांगू?"

मेहुणीने मान हलवली. आभार मानले नाहीत. सगळे एकेक जागा डावीकडे सरकलो. माझा गुडघा कुरकुरला. टाळी पुन्हा निघाली, या वेळी वेगात. माझ्याकडे आली. मी घेतली आणि पुढे दिली.

"ही परत घ्या, भावोजी," मेहुणी म्हणाली. "नीट द्या."

परत घेतली. नीट दिली.